लोकगीताची चाल वाद्यवृंदाला कशी शिकवायची: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

मराठीत ‘चाल’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाण्याला लावतात ती चाल, आणि माणूस चालतो ती चाल. लोकगीतावरून वाद्यवृंदासाठी काही लिहायचं तर हे दोन्ही अर्थ एकदम धरावे लागतात. नव्याने लिहिणारा बहुधा पहिलाच धरतो. सूर उतरवून घेतो, खाली कॉर्ड लावतो, वर व्हायोलिनं, शेवटी झांजा. गाणं ओळखू येतं, पण चालत नाही.

माझी पहिली रचना अशीच झाली होती. आत्याकडून जात्यावरच्या ओव्या घेतल्या त्या तिला सोफ्यावर बसवून, पंखा बंद करून, मोबाइल तिच्यासमोर ठेवून. तिने सरळ, एका लयीत म्हणून दाखवल्या. मीही त्या सरळ ४/४ मध्ये मांडल्या. ऐकायला बरं वाटलं आणि कंटाळवाणंही झालं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मागच्या पडवीतलं जातं पुसून घेतलं, मूठभर ज्वारी आणली आणि तिला जात्यापाशी बसवलं. तीच ओवी, तीच बाई. पण आता खुंटा ओढताना सुरावर जोर यायचा, ढकलताना तो सैल व्हायचा, आणि वैरण, म्हणजे दळायची मूठभर ज्वारी, जात्यात घालताना हात मंदावला की ओळीचा शेवटचा सूर लांबायचा. ही सगळी लांबी-रुंदी सोफ्यावर गायब झाली होती. या लेखातली प्रत्येक पायरी त्या दुपारी जे कळलं त्यातून आलेली आहे.

तुम्हाला स्टाफ नोटेशन थोडंफार वाचता येतं, हार्मोनियम किंवा कीबोर्डवर बोटं फिरतात, आणि वाद्यवृंद म्हणजे व्हायोलिन-चेलोपासून हॉर्न-टिंपनीपर्यंतचा, हे धरून चाललो आहे. (आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा खुलासा.)

पायरी १: एकच गाणं निवडा, जवळचं निवडा

पहिल्या रचनेत ओवी, लावणी, पोवाडा, कोळीगीत असं सगळं माळेत ओवायचा मोह होतो. तो आवरा. चार गाण्यांची तोंडओळख करून देण्यात आठ मिनिटं जातात आणि एकाही गाण्याच्या आत शिरणं होत नाही. एक गाणं घ्या. शक्यतो असं, जे गाणाऱ्या माणसाकडे तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येईल.

आणि ते खरंच लोकगीत आहे का, हे तपासा. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक तेवीस वर्षांचा होईपर्यंत शहरातल्या कॅफेंत जिप्सी बँड वाजवायचे तेच हंगेरीचं लोकसंगीत, असं समजत होता. १९०४ च्या उन्हाळ्यात एका खेड्यात मुक्कामाला असताना त्याने लिडी दोशा नावाच्या, ट्रान्सिल्व्हानियातून आलेल्या दाईचं गाणं ऐकलं. ते त्याच्या ओळखीच्या ‘हंगेरियन’ संगीतासारखं मुळीच नव्हतं. पुढच्याच वर्षी झोल्तान कोदाय या दुसऱ्या संगीतकाराची गाठ पडली आणि दोघं एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन गावोगाव हिंडू लागले. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस गाण्यांचं पहिलं पुस्तक काढलं, दहा-दहा गाण्यांना साथ लिहून. आपल्याकडचा कॅफे म्हणजे सिनेमा. ढोलकीचा जो तोडा ‘लावणीचा’ म्हणून डोक्यात बसला आहे, तो फडावरून आलाय की पडद्यावरून, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. सिनेमातल्या चाली वाईट नाहीत, पण त्या आधीच कुणीतरी वाद्यवृंदासाठी बसवलेल्या असतात. तुमच्यासाठी त्यात काम उरलेलं नसतं.

घरात, गावात गाणारं कुणी नसेल तर संग्रहांकडे वळा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता तो संग्रह ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्याकडे आहे आणि त्यातल्या बऱ्याच ओव्या तिथे ऐकायलाही मिळतात. गायिकेचं नाव, गाव, ओवीचा विषय, सगळं नोंदलेलं आहे. नोंद कशी ठेवावी याचा तो वस्तुपाठ आहे.

पायरी २: ध्वनिमुद्रण आणि परवानगी

मोबाइल चालतो. फक्त एमपी३ऐवजी डब्ल्यूएव्ही ठेवा, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, आणि फोन गाणाऱ्याच्या तोंडासमोर न धरता बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. जातं, टाळ, पावलं यांचा आवाज ‘गोंगाट’ म्हणून टाळू नका, तुमचा निम्मा मसाला त्यातच आहे. गाणं संपल्यावर लगेच मुद्रण थांबवू नका. आत्याने दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या त्या गाणं संपल्यावरच.

वहीत लिहा: कोण, कुठे, कधी, कुणाकडून शिकलं, आणि हे गाणं म्हणताना हातपाय काय करत असतात. शेवटचा प्रश्न विसरू नका.

परवानगीबद्दल स्पष्ट असा. चाल परंपरेची असली तरी त्या बाईने ती ज्या तऱ्हेने म्हटली ते तिचं सादरीकरण आहे, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात गायकाचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. कुणी आधी केलेलं मुद्रण वापरत असाल तर त्या मुद्रणाचे हक्क आणखी वेगळे. कायदा बाजूला ठेवला तरी विचारणं हा साधा शिष्टाचार आहे. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव तुमच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापा, मानधन मिळालं तर त्यातला वाटा द्या.

पायरी ३: उतरवून काढणं

इथे घाई करणारा पुढे प्रत्येक पायरीवर अडतो. माझा क्रम असा: आधी दहा वेळा नुसतं ऐकायचं, मग स्वतः म्हणायचं, मग सरगम लिहायची, आणि अगदी शेवटी स्टाफ. पहिल्या मसुद्यात बारच्या उभ्या रेघा मारूच नका. फक्त सूर लिहा, श्वास कुठे घेतला तिथे खूण करा, आणि हाताच्या हालचालीला दुसरी खूण. बार नंतर आपोआप दिसू लागतात, आणि ते सारख्या लांबीचे नसतात.

आत्याच्या एका ओवीची पहिली ओळ अशी होती: सा सा रे ग, रे सा नी सा. ग कोमल, नी कोमल आणि मंद्र. चौथ्या ओळीत एकदाच मध्यमाला हात लावून परत. पाच सुरांत सगळा संसार. तिचा षड्ज तिच्या आवाजाच्या सोयीने खाली होता. तो मी पांढरी दोनवर, म्हणजे ‘डी’वर आणला. मग सूर झाले सी, डी, ई, एफ आणि एकदाच येणारा जी. हा निर्णय वरवर साधा दिसतो, पण व्हायोला आणि चेलो या दोघांच्याही मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारा सी, जी, डी, ए अशा असतात, आणि ओवीचे नी, म आणि सा थेट त्यांतल्या तीन तारांवर येऊन बसले. सा कुठे ठेवायचा हे नेहमी वाद्य बघून ठरवा.

एकाच ओवीचे पाच-सहा पाठ मिळाले तर बार्टोकची युक्ती वापरा. तो सगळी गाणी एकाच सुरावर संपतील अशी हलवून एकाखाली एक लिहायचा. मग कुठला सूर कणा आहे आणि कुठला त्या दिवशीचा अलंकार, हे नुसत्या नजरेने कळतं. मी चार पाठ असे मांडले तेव्हा दिसलं की ‘रे’ प्रत्येक बाई वेगळ्या उंचीवर लावते, पण मंद्र नी चौघींचा तंतोतंत एक. त्या नीवरच पुढे माझी सगळी स्वरसंगती उभी राहिली.

आता चाल, म्हणजे चालणं. जात्याचा एक फेरा साधारण दोन सेकंदांचा होता: अर्धा ओढण्याचा, अर्धा ढकलण्याचा. म्हणजे मिनिटाला साठच्या गतीने दोन मात्रा. ओळ चार फेऱ्यांची. आणि वैरण घालताना जो सूर लांबायचा तो मोजला तर दीड मात्रेच्या आसपास. तो ‘भावनेने लांबवलेला’ सूर नव्हता, हाताचं काम होतं. म्हणून तिथे फर्माटा (सूर हवा तेवढा लांबवायची खूण) न टाकता मी ३/८ चा एकेक जादा बार घातला. तीन आठवडे खपून हाती लागलेला हा सगळ्यात मोलाचा ऐवज.

तुमचं गाणं ओवी नसेल तर त्याचं काम वेगळं असेल. पोवाड्यात शाहीर दमसास घेतो तेव्हा झीलकरी ‘जी जी’ करून ओढ टिकवतात, म्हणजे ती भर नसून श्वासाची जागा आहे, आणि वाद्यवृंदात ती कुणाला द्यायची हे ठरवावं लागेल. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. शेवटचा चरण आखूड, म्हणून तिथे टाळाला आणि पावलाला मोकळी जागा मिळते. ती भरून टाकाल तर दिंडी अडखळेल. धनगरी गजनृत्यात ढोलाच्या बोलावर रिंगण फिरतं. गोव्याच्या मांडोत संथ सहा मात्रांचा झोका आहे आणि पाठोपाठ दुलपद वेग घेतं, साथीला मातीच्या घुमटाचा घुमारा. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: हे गाताना अंग काय करतंय?

पायरी ४: तीनपैकी वाट कुठली

लोकगीत कसं वापरायचं याच्या तीन पातळ्या बार्टोकने सांगितल्या होत्या आणि आजही त्याहून सोपी मांडणी मला सापडलेली नाही. पहिली: मूळ चाल तशीच किंवा थोड्या फरकाने घ्यायची आणि तिला साथ, आरंभ, शेवट लिहायचा. दुसरी: चाल स्वतःची, पण घडण लोकगीताची. तिसरी: ना चाल, ना तिची नक्कल, पण त्या संगीताची हवा रचनेत भरून राहिलेली.

दुसऱ्या वाटेवरचा ठळक मुक्काम म्हणजे बोहेमियाच्या द्वोर्झाकची १८७८ मधली स्लाव्होनिक नृत्यं. त्याने लोकांच्या चाली घेतल्या नाहीत, नाचांच्या लयी घेतल्या. पहिलंच नृत्य फ्युरियंट आहे: तीन-तीन मात्रांचे दोन बार कानाला दोन-दोनचे तीन वाटतात आणि पाय आपोआप ठेका बदलतो. तिसऱ्या वाटेवर फिनलंडचा सिबेलियस भेटतो. लोकगीत न उचलताही त्याच्या रचनांत जुन्या रुणगायनाचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक कथागीतांचं, पाल्हाळ आणि घोटणं ऐकू येतं.

पहिल्या रचनेला पहिलीच वाट धरा. ती ‘सोपी’ आहे म्हणून नव्हे. बार्टोक स्वतः म्हणायचा की तयार चालीवर काम करणं नवी चाल रचण्याइतकंच अवघड असतं, आणि ते खरं आहे. पण या वाटेवर चूक लगेच ऐकू येते, म्हणून शिकणं लवकर होतं. लांबी चार मिनिटांच्या आत ठेवा. नमुना म्हणून बार्टोकची ‘रोमानियन लोकनृत्यं’ स्कोअर समोर ठेवून ऐका. १९१५ मध्ये पियानोसाठी लिहिलेली ही सहा नृत्यं १९१७ मध्ये त्याने लहान वाद्यवृंदासाठी बसवली. सहाही मिळून सात मिनिटांच्या आत आटोपतात. तिसऱ्या नृत्यात खाली तारांचा स्थिर सूर आणि वर एकटी पिकोलो, खेड्यातल्या पाव्यासारखी. पानावर जवळजवळ काहीच नाही, आणि एकही सूर कमी वाटत नाही.

पायरी ५: खाली काय धरायचं

लोकगीतं सगळ्यात जास्त मरतात ती इथे. कारण आपल्या हाताला तीन कॉर्ड पाठ असतात आणि ते कुठल्याही चालीखाली बसवता येतात. आत्याच्या ओवीखाली डी मायनर, जी मायनर आणि ए मेजर लावून बघा. ए मेजरमध्ये सी शार्प येतो, म्हणजे शुद्ध निषाद. पण ओवीचा कणाच कोमल नी आहे! एका कॉर्डने ओवीचा चेहरा बदलतो, ती कुठल्यातरी जुन्या चित्रपटातलं दुःखी गाणं वाटू लागते. कॉर्ड चुकीचा नाही, ऐकायला गोडही आहे, म्हणूनच तो धोक्याचा.

त्याऐवजी चालीतच जे सूर आहेत त्यांच्याकडून साथ मागा. बार्टोकच्या लक्षात आलं होतं की जुन्या हंगेरियन पाच सुरांच्या चालींत सातव्या स्वराला इतर सुरांइतकंच वजन असतं, म्हणून तो सूर कॉर्डमध्येही विश्रांतीचा मानायला हरकत नाही. मी तोच धडा गिरवला. माझ्या चालीत नी, सा, म होते, म्हणजे सी, डी, जी. चेलोच्या खालच्या तीन मोकळ्या तारा सी-जी-डी. त्या नुसत्या धरल्या आणि वर ओवी म्हटली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे दोघं एकाच घरातले आहेत. मोकळ्या तारेला व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) देता येत नाही, तिचा आवाज थोडा खरखरीत, उघडा असतो. ओवीला तोच हवा होता.

आणखी एक मोह: तंबोऱ्याच्या सवयीने सा-प धरण्याचा. या ओवीत पंचम नाहीच. मग खाली पंचम का वाजावा? मी तो पाचव्या कडव्यापर्यंत राखून ठेवला. तिथे ए पहिल्यांदा आला तेव्हा छत उंच झाल्यासारखं वाटलं. जो सूर गाण्यात नाही तो तुमच्या तिजोरीतला सूर, हलक्या हाताने उधळू नका.

एक व्यावहारिक कसोटी. साथ लिहून झाली की चाल झाकून फक्त साथ वाजवा. तीच साथ शंभर इतर गाण्यांखाली चालेल असं वाटलं तर पुन्हा लिहा.

पायरी ६: पुन्हा पुन्हा तेच, पण तसंच नव्हे

‘लोकगीत एकदा वाजवून झालं की पुढे काय?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. सोनाटाच्या रीतीने चालीचे तुकडे करून ते वाढवत न्यायचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण लोकगीत आधीच पूर्ण असतं. वाट दाखवली ती रशियाच्या ग्लिंकाने, १८४८ मध्ये, ‘कामारिन्स्काया’ या रचनेत. लग्नाचं एक गाणं आणि नाचाची एक छोटी चाल. ती नाचाची चाल तो डझनावारी वेळा वाजवतो, जवळजवळ न बदलता. बदलते ती मागची पार्श्वभूमी: वाद्यं, साथ, प्रतिस्वर. गावातला वादकही हेच करतो आणि जात्यावर बसलेली बाईही हेच करते, चाल तीच आणि कडवं नवं.

माझा आराखडा सहा कडव्यांचा होता. पहिलं कडवं एकट्या व्हायोलाला, खाली फक्त बास ड्रमवर मऊ काठीची घरघर. दुसऱ्यात सगळे व्हायोला आणि चेलोच्या मोकळ्या तारा. तिसऱ्यात चाल इंग्लिश हॉर्नकडे (नाव हॉर्न असलं तरी हे ओबोच्या कुळातलं, खालच्या आवाजाचं वाद्य). चौथं कडवं मला सगळ्यात आवडतं. जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओळ संपता संपता दुसरी उचलते, तिची वाट बघत नाही. म्हणून दुसऱ्या व्हायोलिनांची ओळ पूर्ण व्हायच्या आत पहिली व्हायोलिनं पुढची ओळ धरतात, आणि त्या ओव्हरलॅपमध्ये जे सूर एकमेकांना घासतात तीच तिथली स्वरसंगती. वेगळं काही लिहावं लागलं नाही. पाचव्यात चाल गायब, फक्त फेरा आणि जोर उरतो, सगळा वाद्यवृंद जातं होतो. सहावं पुन्हा एकट्या व्हायोलाचं.

पायरी ७: कुणी गायचं

सनईला ओबो, पाव्याला बासरी, संबळाला टिंपनी अशी जोडी लावून मोकळं होऊ नका. ओबो आणि सनई दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं खरी, पण सनईचा मोकळ्यावरचा तेज आवाज ओबोत नाही. वाद्याच्या दिसण्यापेक्षा ते गाण्यात काय काम करतं ते बघा. तुणतुणं गाण्याला एका सुराचा टोकदार ठेका देतं. मग एका व्हायोलाला एकाच तारेवर पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) द्या, आणि दर वेळी बोट किंचित सरकवून सूर हलता ठेवा. संबळाच्या दोन तोंडांतला खालचा घुमारा हवा असेल तर टिंपनीच्या पेडलवर छोटी घसरण लिहून बघा.

मध्यसप्तकातल्या अशा खालच्या चालीसाठी वाद्यांची खोड माहीत असावी. बासरी तिथे मऊ आणि हवेसारखी, चार व्हायोलिनंही तिला झाकून टाकतात. ओबोचे अगदी खालचे सूर जाड, आणि हळू वाजवणं कठीण. इंग्लिश हॉर्न तिथेच खुलतो. बॅसून त्या उंचीवर ताणलेला, ओढ लागल्यासारखा वाजतो. स्ट्रविन्स्कीने १९१३ मध्ये एका लिथुआनियन लोकगीताच्या चालीने आपली बॅले उघडली तीही बॅसूनच्या अगदी वरच्या पट्टीत. संगणकावरच्या प्लेबॅकवर यातलं काही कळत नाही. तिथे बासरी ट्रॉम्बोनवरही मात करते. म्यूजस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, लिहायला उत्तम आहे, पण तोल कानाने आणि वादकांना विचारून ठरवा.

खरा संबळ किंवा ढोलकी वाद्यवृंदाबरोबर आणायची असेल तर ती सजावट म्हणून आणू नका. त्या वादकाला स्टाफ वाचता येत नसेल, तर त्याच्यासाठी बोलांत लिहिलेला वेगळा पार्ट (त्या वादकापुरती पानं) करा आणि कंडक्टरच्या स्कोअरमध्येही तेच बोल छापा, म्हणजे दोघं एकाच खुणेवर भेटतात. झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा ‘पेश्कार’ २०१५ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर झाला. आपलं तालवाद्य मध्यभागी ठेवून वाद्यवृंदाला त्याच्याशी बोलायला कसं लावायचं, हे त्यात ऐकण्यासारखं आहे. आणि वाचून वाजवणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे परकी नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद वर्षानुवर्षं सांभाळले.

पहिल्याच खेपेला साठ वादक मनात धरून लिहू नका. तंतुवाद्यं, दोन लाकडी सुषिर वाद्यं, एक तालवादक. एवढ्यात सगळं होतं, आणि एवढे लोक एका दुपारी जमवणं शक्य असतं.

पायरी ८: पार्ट आणि तालीम

पार्ट स्वच्छ काढा. बारना क्रमांक, पान उलटायला विश्रांतीची जागा, लांब विश्रांतीनंतर आधीच्या वाद्याची क्यू. क्लॅरिनेट आणि हॉर्न यांचे सूर लिहिलेल्यापेक्षा खाली ऐकू येतात, बी फ्लॅट क्लॅरिनेट एका पूर्ण सुराने (सा ते शुद्ध रे एवढ्या अंतराने) आणि एफ हॉर्न सा ते प एवढ्या अंतराने. पार्ट काढताना ते बदलले आहेत याची दोनदा खात्री करा. तालमीतली पंधरा मिनिटं अशा चुकीत गेली की चालीबद्दल बोलायला वेळ उरत नाही.

आमच्या पहिल्या तालमीत सगळं बरोबर वाजलं आणि ओवी मात्र सापडेना. वादक उत्तम होते. प्रत्येक सुराला सुंदर व्हायब्रेटो, ओळीला सुंदर चढ-उतार. मी ‘लोकगीतासारखं’, ‘साधं’ असं काहीबाही सांगत राहिलो, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी वाद्यं खाली ठेवायला सांगून आत्याचं मुद्रण लावलं, आणि सगळ्यांना खुंटा धरल्यासारखा हात फिरवत ती ओळ म्हणायला लावली. थोडा संकोच झाला, मग सगळे म्हणू लागले. त्यानंतर बोइंग, म्हणजे बो (गज) फिरवायची रीत, बदलली: अर्ध्या फेऱ्याला एक बो, ओढताना डाऊन, ढकलताना अप. फ्रेंच वादक डाऊन-बोला ‘तिरे’ म्हणजे ओढलेला आणि अप-बोला ‘पुसे’ म्हणजे ढकललेला म्हणतात, हे चेलोवादकाने तेव्हा सांगितलं. जात्याची भाषा त्यांच्या हातात आधीपासून होतीच! डाऊन-बोला मुळातच वजन जास्त असतं, त्यामुळे जोर वेगळा लिहावा लागला नाही. मी पार्टमधल्या अॅक्सेंटच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या.

म्हणून पार्टवर ‘भावपूर्ण’, ‘ग्रामीण ढंगात’ असल्या सूचना लिहू नका. हाताला काय करायचं ते लिहा: बो कुठला, तार कुठली, व्हायब्रेटो आहे की नाही, घसरत जायचं तर कुठल्या बोटाने.

पायरी ९: परत घेऊन जा

तालमीचं मुद्रण घेऊन ज्याचं गाणं त्याच्याकडे जा, कार्यक्रमाच्या आधी. नंतर गेलात तर ते फक्त कौतुक करतील, कारण बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आत्याने हेडफोन नको म्हटलं. फोन मांडीवर ठेवून, डोळे मिटून चारही मिनिटं ऐकलं. चौथ्या कडव्यातल्या दोघींना तिने लगेच ओळखलं. संपल्यावर म्हणाली, “तिसऱ्या ओवीनंतर वैरण नाही घातलीस रे. रिकामं जातं फिरतंय.”

तिथला ३/८ चा बार मी शेवटच्या आठवड्यात काढून टाकला होता, चौथ्या कडव्यात उडी चटकन जावी म्हणून. त्या रात्री सगळे पार्ट उघडून तो पुन्हा घातला.